घरची परिस्थिती हलाखीची, सबब

वसईच्या कचेरीबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायला लागले, तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, "दोन महिन्यांत घरी येशील." बाईमाणूस, त्यातून गावातल्या ख्रिस्ती घरातली, आणि बसणार कुठे तर वकिलांच्या आणि पक्षकारांच्या गर्दीत, चिंचेखाली! मी तिथे एकोणीस वर्षं बसले. मग मागच्या गल्लीत एक छोटं दुकान घेतलं, तिथे आणखी सोळा. नवरा निवृत्त झाल्यावर रोज दुपारी माझा डबा घेऊन यायचा आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचायचा. दोन महिन्यांचा विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही.

माझं नाव रोझलिन, पण कचेरीच्या आवारात सगळे रोझीबाय म्हणत. काम अर्ज लिहिण्याचं. आम्ही पाच जण होतो चिंचेखाली, चार पुरुष आणि मी. पाचही यंत्रं एकदम चालू झाली की पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसा आवाज व्हायचा आणि शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून गिऱ्हाईक आपली गोष्ट माझ्या कानाशी येऊन सांगायचं. कोणाची जमीन भावाने लाटली, कोणाची सून रेशनकार्डावर चढत नाही, कोणाच्या दाखल्यात बापाचं नाव भलतंच. संध्याकाळी कार्बनने निळी झालेली बोटं मी साबणाने घासायचे, पण कानात शिरलेलं धुऊन निघायचं नाही. त्या दिवसांची आठवण अजूनही येते, आणि खरं सांगते, बोटं निळी नाहीत याचं वाईट वाटतं.

अर्जाचं शास्त्र बाहेरच्यांना सांगते, फार अवघड नाही. वर 'प्रति', मग 'विषय', मग 'महोदय'. त्याखाली माणसाची गोष्ट. आणि मग एक शब्द येतो, 'सबब'. सबब म्हणजे 'म्हणून'. सबबच्या वर रडायचं आणि सबबच्या खाली मागायचं. वरचं रडणं जितकं नेटकं, तितकं खालचं मागणं लवकर मंजूर. त्यामुळे मागायचं काहीही असो, मी आधी घरची परिस्थिती हलाखीची करून घेत असे. माणसं लाजायची. "एवढं नको गं लिहू," म्हणायची. मी म्हणायचे, "साहेब काय तुमच्या घरी बघायला येणारेत? थोडं चढवल्याशिवाय कागद जागचा हलत नाही."

या कलेत मी पटाईत झाले. एकदा एक जुने कारकून चहाच्या टपरीवर म्हणाले, "बाई, तुमचा अर्ज लांबून ओळखू येतो. वाचला की नाही म्हणायला जीभ वळत नाही." त्या दिवशी मी घरी पावाबरोबर केकही घेऊन गेले.

आमच्याच गावचे बस्त्याव काका वाडीवाले होते. केळीची आणि पानवेलींची वाडी. कुठलाही अर्ज असो, कागदाच्या कोपऱ्यात आधी पेन्सिलीने बारीक क्रूस काढायला लावायचे, त्याशिवाय मला पहिलं अक्षर ठोकू द्यायचे नाहीत. त्यांच्या वाडीवर विजेचा खांब वाकला होता, तो सरळ करून हवा होता. मी अर्जात त्यांच्या बायकोला अंथरुणाला खिळवली आणि खांब पडला तर तिला पळताही येणार नाही असं लिहिलं. बारा दिवसांत खांब सरळ. तेराव्या दिवशी काकांची बायको स्वतः सुकेळ्यांची टोपली डोक्यावर घेऊन चालत माझ्या टेबलाशी आली. "तू मला निजवलीस म्हणे?" म्हणाली, आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. त्या हसण्यात मला कधी काही खटकलं नाही.

मग कॉम्प्युटर आला, चिंचेखालचे चौघे एकेक करून घरी बसले, आणि मी चिवटपणे दुकान काढलं. दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन झाले. मला वाटलं, आता आपलाही बाजार उठला. पण एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलं. वीस-एकवीस वर्षांची मुलं-मुली, पाठीला सॅक, आणि तोंडात एकच शब्द: इंटर्नशिप.

मला तो शब्द समजून घ्यायला आठवडा लागला. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी महिना-दोन महिने एखाद्या कंपनीत जाऊन काम शिकायचं आणि तिथलं पत्र कॉलेजात द्यायचं. ते नाही दिलं तर वर्ष अडतं. कंपनी मात्र आपली आपण शोधायची, तिला मेल लिहायचा आणि उत्तराची वाट बघायची. म्हणजे अर्जच की! मी टेबल पुसून तयार झाले.

गंमत अशी की ही मुलं दोन अंगठ्यांनी दिवसभर फोनवर लिहीत असतात, पण अनोळखी माणसाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की घामाघूम होतात. मी त्यांना शिकवायचे. विषयाच्या जागी 'हाय' लिहू नये. आधी आपण कोण, कुठल्या वर्षाला, मग काय येतं, मग कधीपासून येऊ शकतो. बायोडेटा जोडावा, आणि जोडला आहे असं लिहिण्याआधी खरंच जोडावा. तीस कंपन्यांना एकच मेल धाडू नये, प्रत्येकाला कळतं की आपण तिसांतले एक आहोत. वसई पूर्वेच्या सोसायटीतले एक गृहस्थ मुलाचा मेल लिहून घ्यायला आले आणि पहिल्या दोन परिच्छेदांत स्वतःचं मुंबईतलं पद, हाताखाली किती माणसं, हे सगळं सांगून मोकळे झाले. मी विचारलं, "इंटर्नशिप तुम्हाला हवीय की मुलाला?" ते रागावून निघून गेले, मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी एकटा आला.

बस्त्याव काका नातवाला घेऊन आले होते. मेल गेला, तरी हलेनात. "पोच कुठे?" म्हणाले. कचेरीत कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मिळतो, ती पोच. मेलची पोच मी कुठून आणू? शेवटी पाठवलेल्या मेलची प्रिंट काढली, तिच्यावर माझ्याच दुकानाचा शिक्का मारला, तेव्हा म्हातारा उठला.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. आणि मग जूचंद्र गावची प्रणाली आली.

तिला तिचे वडील हरिभाऊ घेऊन आले. पूर्वी त्यांच्या वडिलांचा मिठागराच्या वाटेबद्दलचा एक अर्ज मी लिहिला होता आणि तो मंजूर झाला होता. तेव्हापासून त्या घरात माझ्या हाताला गुण आहे असा समज. हरिभाऊ उभा-आडवा माणूस, भातशेती करणारे, आवाज खणखणीत. "बाय, ही माजी पोरगी. कंपनीला कागद लिवायचा हाय. तू लिवलास का काम होते, आमाला म्हाईत हाय," म्हणाले आणि माझ्या नवऱ्याशेजारी बाकावर चहा प्यायला बसले.

प्रणाली छपाईचा डिप्लोमा करत होती. तिने आधी नऊ कंपन्यांना मेल केले होते. मजकूर फोननेच लिहून दिलेला, आपण किती उत्साही आणि मेहनती आहोत याचा. एकाचंही उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत कंपनीचं पत्र कॉलेजात दिलं नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. आणि तिचं मन होतं गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात, जिथे खोकी आणि लेबलं छापतात. तिथे रंग जुळवण्याचा वेगळा विभाग आहे.

"आंटी, मी स्वतः थोडं लिहिलंय," तिने वहीचं पान पुढे केलं. त्यात होतं की ती जूचंद्रची आहे, लहानपणापासून रांगोळी काढते, माणसाचा चेहरा काढताना कातडीचा एक रंग मिळवायला तिला बारा वाट्या कालवाव्या लागतात, आणि उन्हातला रंग घरात वेगळा का दिसतो हे तिला कंपनीत शिकायचं आहे.

आता जूचंद्रची रांगोळी म्हणजे उंबऱ्यापुढचे चार ठिपके नव्हेत. तिथली माणसं जमिनीवर असे चेहरे काढतात की बघणारा आपली चप्पल आपोआप मागे घेतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "रांगोळी दिवाळीत, बाळा. कंपनीला काय करायचीय रांगोळी?" आणि पेनने ती ओळ खोडली.

मार्कशीट स्कॅन करायला मी तिला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं. ती परत येईपर्यंत माझ्या बोटांनी त्यांचं जुनं काम केलं होतं. इंग्रजीत लिहिलं, पण सगळं माझं चिंचेखालचंच. वडील हृदयविकाराने अंथरुणाला खिळले आहेत, घरात दुसरं कमावणारं नाही, कन्येच्या शिक्षणावर कुटुंबाची सारी आशा आहे, सबब आपण कृपावंत होऊन… वगैरे. मार्कशीट जोडली आणि तिच्याच खात्यावरून मेल पाठवायला घेतला.

"वाचू का एकदा?" तिने विचारलं.

"वाचायचंय काय त्यात? मी लिहिलंय," म्हणत मी मेल पाठवून दिला.

हे वाक्य आठवलं की आजही मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, ती एकटी आली. फोन माझ्यासमोर ठेवला. कंपनीच्या मॅनेजरबाईंचं उत्तर आलं होतं, आणि सभ्य होतं. आपल्या वडिलांच्या आजाराबद्दल वाचून वाईट वाटलं. आमची संस्था गरजू विद्यार्थ्यांना मदत करते, कृपया उत्पन्नाचा दाखला आणि वैद्यकीय कागद पाठवावेत. इंटर्नशिपचा मात्र सध्या विचार करता येणार नाही, अशा वेळी मुलीची घरी जास्त गरज असते.

मी फणकारले. म्हटलं, "अगं, इतकी वर्षं असंच लिहिते मी. कोणाचं काही बिघडलं नाही."

"आंटी, मी हेल्प नव्हती मागितली. काम मागितलं होतं." तिचा आवाज चढला नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "पप्पांना मी हे उत्तर वाचून दाखवलं. मला काय माहीत आत काय आहे! माझे आजोबा हार्टनेच गेले. हे उत्तर ऐकल्यापासून पप्पा छातीला हात लावून बसतात. मम्मीने तर देवाला नारळ बोललाय. पप्पा म्हणतात, कागदावर आलंय ते खोटं कसं असेल."

बाकावरून माझ्या नवऱ्याने पेपर खाली केला. "रोझी," तो म्हणाला, "तुझा अर्ज नामंजूर कुठे झालाय? तू दया मागितलीस, त्यांनी दिली."

दोन महिन्यांच्या त्या बोलण्यानंतर इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या धंद्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि काढला तो हा. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण मी काही भलतं केलं नव्हतं. जे नेहमी करत आले तेच केलं होतं. फरक एवढाच की या वेळी ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते खरं वाटलं होतं.

चार दिवस उरले होते. प्रणालीने दुसरा मेल पाठवावा तर त्यात काय लिहावं? आधीचं खोटं होतं म्हणावं तर ती खोटारडी ठरते. गप्प राहावं तर बाप आजारीच राहतो आणि दारही बंदच. तिने हे सगळं आधीच विचारात घेतलं होतं. "राहू द्या आंटी, वर्ष जाईल, जाऊ दे," म्हणाली आणि सॅक उचलली.

मी तिला थांबवलं. वहीचं ते पान मागितलं.

आमच्यात पापाची कबुली धर्मगुरूंपुढे देतात, त्याला कुमसार म्हणतात. मी दरवर्षी नाताळच्या आधी कुमसार करते, आणि आजवर तिथे रागाचं, हेव्यादाव्याचं सगळं सांगितलं, पण अर्जातलं कधीच नाही. ते मी पापात धरलंच नव्हतं. आणि आता फादरांकडे जाऊन उपयोग नव्हता. फादरांनी क्षमा दिली असती, पण इंटर्नशिप काही फादर देणार नव्हते.

मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि या वेळी माझं स्वतःचं खातं उघडलं. हजारो अर्ज या बोटांनी लिहिले, प्रत्येकात 'मी' होता, आणि त्यातला एकही 'मी' माझा नव्हता. मजकुराखाली माझी सही कधी आली नाही. त्यामुळे 'मी' लिहून पुढे काय लिहायचं हेच मला सुचेना. दोनदा 'सविनय' लिहिलं, दोनदा खोडलं. प्रणाली शेजारी उभी होती. शेवटी इंग्रजी सोडलं आणि सरळ मराठीत लिहिलं.

"मॅडम, मी रोझलिन, वसईत लोकांचे अर्ज लिहून देते. प्रणालीच्या नावाने तुम्हाला आलेल्या पत्रातला घरचा मजकूर माझा आहे, तिचा नाही. पाठवण्याआधी तिने तो वाचायला मागितला होता, मी दिला नाही. तिच्या घरी कोणी आजारी नाही. तिचे वडील धडधाकट आहेत आणि स्वतःची शेती स्वतः करतात. मला वाटलं, दया आल्याशिवाय कोणी काम देत नाही. ती माझी चूक. तिने स्वतः लिहिलेलं खाली जसंच्या तसं देत आहे. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही."

खाली प्रणालीला स्वतः टाइप करायला लावलं, माझ्या खुर्चीत बसवून. रांगोळी, बारा वाट्या, उन्हातला रंग, सगळं. मी बाजूला उभी राहून हात पाठीमागे बांधून ठेवले होते, कारण एका ठिकाणी मला वाक्य बदलायचा फार मोह होत होता. "वाचता का एकदा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नको. तू वाच, आणि तूच पाठव."

मंगळवार गेला. बुधवारी दुपारी डबा उघडलाच नाही. नवरा म्हणाला, "खा गं, उपाशी राहून मेल येत नाही." गुरुवारी सकाळी मॅनेजरबाईंचा प्रणालीला फोन आला, रांगोळीचे फोटो घेऊन ये. ती गेली. बाईंनी फोटो बघितले, मग लोणच्याच्या बरणीची दोन लेबलं तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, यातलं बिघडलेलं कुठलं? तिथल्या लोकांना दोन्ही सारखीच दिसत होती म्हणे. प्रणाली ती घेऊन खिडकीपाशी गेली, परत आली आणि म्हणाली, डावं, याच्यात लाल चिमूटभर जास्त पडलाय. शुक्रवारी कंपनीचं पत्र कॉलेजात पोचलं. मला बाईंचं उत्तर आलं नाही, आणि त्यांनी ते द्यावं असंही काही नव्हतं.

त्यानंतर मी दुकान वर्षभर चालवलं, पण कोणाच्या घरची परिस्थिती लिहिली नाही. मुलांना खुर्चीत बसवायचे आणि विचारायचे, तुला काय येतं ते सांग. सुरुवातीला सगळीच म्हणतात, काही नाही येत. थांबून राहिलं की मग सांगतात. एक जण घरच्या मोटारपंपाचं सगळं काम करायचा, एकीला आजीच्या सातबाऱ्याची भाषा वाचता यायची. अशा किती जणांचं मी पूर्वी खोडून टाकलं असेल, याचा विचार मी फार करत नाही. केला की झोप लागत नाही.

हरिभाऊ आले ते त्याच वर्षी दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर. दारात उभे राहिले तेव्हा मी खुर्चीतून उठले. या माणसाला मी दोन आठवडे छातीला हात लावून बसवलं होतं. मी म्हटलं, "हरिभाऊ, बसा. मला माफ करा."

ते बसले नाहीत. "बाय, तू कंपनीला दुसरा कागद लिवलास म्हने."

"हो."

"मराठीत?"

"मराठीत."

"त्यात माजा काय लिवलाय?"

मी कॉम्प्युटर चालू केला, मेल शोधून काढला आणि वाचायला लागले. ते चौकटीला टेकून, मान खाली घालून ऐकत होते. 'तिच्या घरी कोणी आजारी नाही' आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. 'तिचे वडील धडधाकट आहेत' आलं तेव्हा हात केला. मी थांबले.

"हां," हरिभाऊ म्हणाले. "यवढाच परत वाच."

मी वाचलं.

"आजून एकदा, बाय. मोठ्यानं."